कर्मेलच्या पायथ्याशी पोह्यांचं ताट

पवित्र भूमी पाहून आल्यापासून आमच्या रविवारच्या बायका मला सारखं विचारतात, "मार्थाबाई, तिथं उभं राहिल्यावर अंगावर काटा आला का हो?" खरं सांगायचं तर पाय दुखले. काटा एकदा आला, पण तो प्रभूच्या जन्मस्थानीही नाही आणि कबरेपाशीही नाही. तो कुठं आला ते सांगायला म्हणून हे लिहायला बसले आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन शास्त्रातून आणि गीतांच्या पुस्तकातून झालं. तेव्हा बोलते तसंच लिहीन, सांभाळून घ्या.

आम्ही बंगलोरहून अठराजण निघालो. बहुतेक कानडी आणि तमिळ मंडळी. मराठी म्हणाल तर दोघीच, मी आणि माझ्या नणंद शांतावन्सं. वन्सं नगरला मुलींच्या शाळेत शिकवत. निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आल्या. शास्त्र त्यांना पाठ, आणि दुसऱ्याला पाठ नाही हेही त्यांना पाठ. आमचे पुढारी म्हणजे पाळकसाहेब. माणूस कानडी, सज्जन, पण हातातलं घड्याळ हीच त्यांची अकरावी आज्ञा. कुठं किती मिनिटं थांबायचं ते त्यांनी निघण्याआधीच टाइप करून सगळ्यांना वाटलं होतं.

त्या कागदावर 'हैफा, कर्मेल डोंगर, एलीयाची गुहा, मंगळवार सकाळी दहा, एक तास' असं होतं. माझी खरी यात्रा त्या एका तासाची.

त्याचं कारण रिबका. बंगलोरला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये तिचं दार माझ्या दाराला लागून होतं, चांगली अकरा वर्षं. तिचा नवरा दाऊद आणि आमचे हे एकाच खात्यात. ती यहुदी, पण आपल्या कोकणातल्या कुलाब्याकडची. तिचे पूर्वज तिकडे तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी तुमच्या-आमच्यासारखी बोलायची, नऊवारी नेसायची, आणि बंगलोरच्या रीतीने मला अक्का म्हणायची. स्वराज्य आल्यावर आठ-नऊ वर्षांनी ती माणसं इस्राएलात राहायला गेली. मी यात्रेला नाव दिल्याचं कळवलं तेव्हा तिचं उत्तर आलं.

"अक्का, आपल्या रूथचं लग्न ठरलंय," तिनं लिहिलं होतं. "मुलगा बगदादकडचा, गुणी आहे. पण त्याचा बाप म्हणतो, हिंदुस्थानातले यहुदी खरे की खोटे, कोणी तपासलंय? मुलगी घेतो, पण तुमच्या पुरुषांबरोबर प्रार्थनेला बसणार नाही. दाऊद गप्प राहतो, मला मात्र घास गिळवत नाही. ज्या माणसाला आपण धर्माचे वाटत नाही त्याच्या घरी पोर कशी धाडू? लग्नाआधी मी एलीयाच्या गुहेत मलिदा करणार. त्यालाही बोलावलंय, बसो न बसो. इथं जाडे पोहे मिळत नाहीत. तेवढे आण. जमलं तर एक नारळ."

मलिदा म्हणजे त्यांच्यातला शुभकार्याचा विधी. जाडे पोहे भिजवायचे, त्यांत ओलं खोबरं, साखर, वेलदोडा घालायचा, भोवती पाच फळं मांडायची, आणि पुरुषांनी त्या ताटाभोवती बसून एलीया संदेष्ट्याच्या नावानं प्रार्थना म्हणायची. मग सगळ्यांनी खायचं. शेजारी असताना मी तो कितीदा तरी खाल्ला आहे.

वन्संना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा नैवेद्यच झाला की, वहिनी."

"वन्सं, एलीया आपल्याही शास्त्रात आहे."

"आहे ना. पण त्याला कावळ्यांनी भाकरी आणि मांस आणून दिलं. पोह्यांचा उल्लेख नाही."

मी पिशवी उचलली. बाजारात जाऊन दुकानदाराला म्हटलं, गट्टी अवलक्की, म्हणजे आपले जाडे पोहे, दे, चांगली निवडून. कुठं न्यायची, असं त्यानं विचारलं, म्हणून सांगितलं की येशूच्या देशात. "अल्लि सिगल्वा, अम्मा?" तो म्हणाला. तिकडे मिळत नाही का, असं. त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं. वर एक मूठ जास्त घातली.

यरुशलेम

विमान, मोटारी, शिक्के, ओळी हे सगळं गाळते. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की दिमिष्काच्या, म्हणजे डमास्कसच्या, वाटेवर एका तमिळ बाईंचे दात हरवले आणि त्यांच्याच पर्समध्ये सापडले.

यरुशलेम शहराचे तेव्हा दोन तुकडे होते, अजूनही आहेत. जुनं शहर आणि बेथलेहेम यार्देन, म्हणजे जॉर्डनच्या राज्यात, आणि नासरेथ, गालील वगैरे पलीकडच्या इस्राएलात. मध्ये काटेरी तारा. आधी अलीकडचं पाहायचं, मग फाटकातून पलीकडे जायचं, आणि एकदा गेलं की परत अलीकडे यायचं नाही, असा नियम.

आम्ही जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, धर्मशाळेत उतरलो होतो. स्वच्छता इतकी, की बोलताना आपोआप आवाज खाली यायचा. सकाळी रोटी, दह्याचा गोळा आणि खारवलेली काळी फळं. दुपारी तेच. रात्री तेच, वर मेणबत्ती. ती ऑलिव्ह फळं पहिल्या दिवशी आम्ही शास्त्रातली म्हणून आदरानं खाल्ली, तिसऱ्या दिवशी कोणी त्यांच्याकडे बघेना.

प्रभूच्या कबरेवरच्या देवळात सहा पंथांचे पुजारी आपापल्या कोपऱ्यात. कोणाचा झाडू कोणाच्या पायरीला लागायचा नाही. आपल्याकडे समाईक अंगणात चालतं तसंच, फक्त झगे भरजरी. बेथलेहेमला वाकून एका लहानशा दारातून आत गेलो. तमिळ बाया हमसून रडल्या. मला रडू आलं नाही. तिथं फरशीवर चांदीचा तारा आहे आणि तो लोकांच्या ओठांनी झिजला आहे, हे मात्र मनात राहिलं. यार्देन नदी व्हाइटफील्डच्या वाटेवरच्या ओढ्याएवढी निघाली. वन्संनी तिचं पाणी बाटलीत भरलं. गढूळ होतं, म्हणून गाळ खाली बसेपर्यंत रोज उजेडात धरून बघत.

पाचव्या दिवशी दुपारी मी पाय शेकायला खाली गेले होते. वर आले तो जिन्यातच वास आला. मोहरी, हिरवी मिरची, लिंबू. आमच्या खोलीत वन्संनी स्पिरिटचा स्टोव्ह पेटवला होता, आणि भोवती आमची निम्मी यात्रा बशा घेऊन बसली होती. पाळकसाहेबसुद्धा. त्यांच्या बशीत दुसऱ्यांदा वाढलेलं दिसत होतं.

"वन्सं, हे कुठले पोहे?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुझ्या ट्रंकेतले. माणसं चार दिवस उपाशी आहेत गं."

"ते मलिद्याचे होते."

"नैवेद्यालाच जायचे होते ना? देवाच्या लेकरांच्या पोटात गेले. यात पाप कुठं आलं ते मला वचन काढून दाखव."

पाळकसाहेबांनी बशी खाली ठेवली. त्यांना मी सगळं सांगितलं, रिबका, रूथ, बगदादचा बाप. ते ओशाळले. "स्वल्प उरलेत, अम्मा," म्हणाले, आणि स्वतः पिशवीचं तोंड बांधून दिलं. उरले होते ते दोन ओंजळी. माझ्या बशीतही वन्संनी वाढले. मी खाल्ले. चांगले झाले होते, खोटं कशाला बोलू.

फाटक

फाटकापाशी इकडचा हमाल सामान मध्यापर्यंत आणतो आणि जमिनीवर ठेवून मागे फिरतो. तिकडचा हमाल मध्यापर्यंत येऊन उचलतो. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. मधल्या जागेत सिमेंटचे मोठाले ठोकळे आणि वाळलेलं गवत.

पलीकडच्या चौकीवर एका तरण्या अधिकाऱ्यानं माझी पिशवी उघडली. पोहे बोटांत घेऊन वास घेतला, बाजूला ठेवले. मग नारळ काढला. फिरवून पाहिला, कानाशी हलवला. आत पाणी बोललं. त्यानं तो हळूच टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला.

पाळकसाहेबांनी इंग्रजीत समजावलं, फळ आहे, खायचं असतं. तो म्हणाला, खायचं असतं तर खाऊन दाखवा. उघडा.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, "आज फोडला तर मंगळवारपर्यंत टिकायचा नाही." त्यांनी तेही सांगितलं. पण तो ऐकेना. मग काय करते? नारळ घेतला, बाहेर जाऊन त्या सिमेंटच्या ठोकळ्यावर आपटला. एका फटक्यात दोन भकलं झाली, पाणी तारांच्या खाली गेलं. आमची कानडी मंडळी सवयीनं हात जोडायच्या बेतात आली होती, पाळकसाहेबांच्या डोळ्यांकडे बघून थांबली.

वन्सं मागून म्हणाल्या, "दोन राज्यांच्या शिवेवर नारळ वाढवणारी ख्रिस्ती बाई म्हणून तुझं नाव निघेल, वहिनी. आता हळदकुंकू तेवढं राहिलं."

मी अधिकाऱ्याला एक तुकडा दिला. त्यानं आधी मला खायला लावला, मग स्वतः खाल्ला. चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यानं आतल्या दोघांना हाक मारली. त्या तिघांनी मिळून एक अख्खं भकल संपवलं, आणि आमच्या सामानाला पुढं कोणी हात लावला नाही. माझ्याकडे राहिलं एक भकल आणि दोन ओंजळी पोहे.

गालील

पुढचे तीन दिवस ते खोबरं मी बसच्या खिडकीशी उन्हात ठेवून वाळवत होते. शेजारी यार्देनची बाटली. नासरेथला विहिरीवर बाया डबे घेऊन भांडत होत्या, शब्द कळले नाहीत, भांडण कळलं. गालीलचा समुद्र म्हणजे हलसूरच्या तळ्याचं थोरलं भावंड, पण वारा गोड. तिथं मासा तळून देतात, डोक्यासकट. वन्संनी तो शास्त्रातला आहे की नाही हे न विचारता संपवला.

रात्री त्या म्हणाल्या, "ते पोहे मी मुद्दाम नाही केले. म्हणजे, थोडे मुद्दाम केले."

मी म्हटलं, "झोपा आता."

कर्मेल

मंगळवारी दहाला बस गुहेच्या खाली उभी राहिली. रिबका पायऱ्यांवरच होती. केस पांढरे झाले होते, फ्रॉक घातला होता, पायात मोजे. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. "अक्का," म्हणाली, आणि पहिलं वाक्य काय, तर "पोहे?"

मी पिशवी दिली. तिनं आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी झाला प्रकार सांगितला. ती एवढी हसली, की पायरीवर बसली. "सीमेवर फोडलास? तिथं तर आमचे मोठे मोठे मंत्रीही काही फोडू शकले नाहीत."

गुहा मोठी खोली म्हणावी एवढी. भिंती धुरानं काळ्या, एका कोपऱ्यात मेणबत्त्या देणारी एक म्हातारी. सकाळची वेळ, दुसरं कोणी नव्हतं. पुरुष पुढं, बायका मागं. मी आणि वन्सं बायकांत उभ्या राहिलो, बाकीची मंडळी दारात. रूथनं पोहे भिजवले, रिबकानं ते वाळकं खोबरं किसलं. ताट मोठं आणि त्यात मलिदा एवढासा. म्हणून तिनं संत्री, खजूर, सफरचंदं रचून रचून त्याला भर आणली.

ताटाभोवती दाऊद बसला, त्यांच्या वसाहतीतले आपल्याकडचे सातजण बसले, आणि नवरामुलगा बसला. मुलाचा बाप आला होता. उंच, काळा कोट, हातात मण्यांची माळ. तो दाराबाहेर झाडाखाली उभा राहिला. आत बोलावलं तर मान हलवून नको म्हणाला. उद्धटपणा नव्हता. आपण एखाद्याच्या घरी पाणी नको म्हणतो, तसं म्हणाला.

दाऊद सुरुवात करेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाळकसाहेब घड्याळ बघू लागले. "इन्नू एष्टु होत्तु, अम्मा?" त्यांनी विचारलं. अजून किती वेळ.

"स्वल्प, अय्या."

"स्वल्प तुम्ही मघाशीच म्हणालात."

मी रिबकाला विचारलं, अडलंय कुठं? ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दहा पुरुष लागतात, अक्का. दहा झाल्याशिवाय आमची मोठी प्रार्थना होत नाही. नऊच आहेत."

पाळकसाहेबांना मी हे सांगितलं. त्यांना घाई होती. "आमच्यात आठ पुरुष आहेत, एक घ्या," म्हणाले. दाऊद हसला. "तुमचे मोजता येत नाहीत, साहेब."

मग दाऊद उठून दारापाशी गेला आणि त्या माणसाला त्यांच्या भाषेत चार शब्द बोलला. रूथ माझ्या कानाशी अर्थ सांगत होती.

"बाबा म्हणाले, एक कमी आहे."

तो म्हणाला, वाट पाहा, कोणी येईल.

"बाबा म्हणाले, कोणी यायचं नाही. तुम्ही बाहेर उभे राहून दहाजणांची प्रार्थना बुडवणार असाल, तर तसं सांगा. आम्ही ताट उचलतो."

"मग?" मी विचारलं.

"त्यांच्यात, म्हणजे आमच्यात, मावशी, कमी पडलेला दहावा होण्याला नाही म्हणत नाहीत. फार मोठं पाप. पण..." रूथ दाराकडे बघू लागली.

पुढचं मला कळलं. तो दहावा म्हणून बसला, तर बसलेले नऊ खरे धरावे लागतात. खोट्या नवांत मिळून दहा होत नाहीत.

रिबका ताटाकडे बघत होती. तिनं पदर असता तर तोंडात धरला असता, पण फ्रॉकला पदर नसतो, म्हणून हातातली किसणीच घट्ट धरली होती. तो माणूस दारात आला. माळ थांबली. त्यानं एकेकाकडे बघितलं, आणि तोंडानं एकेक शब्द उच्चारू लागला. दाऊदकडे बघून एक, शेजारच्याकडे बघून दुसरा.

"मोजतायत," रूथ कुजबुजली. "माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ आहे, माणसामागे एक शब्द."

तो सावकाश म्हणत गेला. वसाहतीतला एक फिटर होता, हाताला तेलाचे डाग. त्याच्यापाशी तो जरा थांबला, मग त्यालाही शब्द दिला. शेवटी स्वतःच्या मुलाकडे बघून नववा. ओळ तिथंच राहिली. पाळकसाहेबांनी घड्याळाचा हात मागे घेतला होता.

तो आत आला, कोट सारखा करून फिटर आणि दाऊद यांच्यामध्ये बसला, आणि दहावा शब्द म्हणाला.

काटा आला तो तेव्हा.

मग प्रार्थना झाली. चाल आपल्याकडची, जवळजवळ कीर्तनातली. त्या माणसाला ती चाल येत नव्हती, पण शब्द येत होते. तो एक पाऊल मागून म्हणत राहिला. ताट फिरलं. ज्याच्या त्याच्या वाट्याला चिमूट आली. त्यानं चिमूट खाल्ली, चावायला जरा वेळ लागला, आणि रिबकाकडे बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

रूथ म्हणाली, "विचारतायत, तुमच्यात हे एवढंच करतात का."

रिबका म्हणाली, "त्यांना सांग, लग्नाच्या दिवशी घरी या, पोटभर घालते." कुठून घालणार होती, देव जाणे. आमच्या दुकानदाराकडून आता दर महिन्याला तिच्या पत्त्यावर पार्सल जातं.

पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवून मंडळी गोळा केली. मी रिबकाला मिठी मारली. दोघी फार काही बोललो नाही, बोलायला होतंच एवढं, की वेळ पुरला नसता. खाली आले तो बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक धडधाकट गृहस्थ पायाशी सालींचा ढीग करून संत्री खात बसले होते. मला बघून उठले.

"झालं का हो, बाई?" चक्क मराठीत म्हणाले. "आता वर जाऊ का मी?"

"आपण कोण?"

"दाऊदचा भाऊ. सकाळी सगळ्यांबरोबर आलो. वहिनी म्हणाली, यात्रेची बस आली की तीत जाऊन बसा, हाक मारीपर्यंत उतरायचं नाही. दीड तास झाला."

मी म्हटलं, "जा आता. पण मलिदा संपला."

त्यांचं तोंड उतरलं. माझ्या मागं वन्सं उभ्या होत्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत त्यांची चिमूट तशीच होती. "घ्या," म्हणाल्या. "मी काही खाणार नव्हते, पण टाकवेना." त्या गृहस्थांनी ती दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटून काही पुटपुटले, आणि बसच्या पायरीवर उभ्या उभ्या खाल्ली.

बस बंदराच्या रस्त्याला लागली. वन्संनी रिकामा रुमाल झटकून घडी केला. मग म्हणाल्या, "म्हणजे दहा होतेच?"

"होते."

"आणि ती एवढा वेळ त्या माणसाकडे न बघता खोबरं किसत बसली?"

"हो."

वन्संनी यार्देनची बाटली उजेडात धरली. गाळ अजून खाली बसला नव्हता. "वहिनी," त्या म्हणाल्या, "अशी एक बाई आपल्या मंडळीच्या कमिटीवर असती, तर आपलं देऊळ पाच वर्षांपूर्वी बांधून झालं असतं."